कवटी न उघडता मेंदू दाखवणारा अभियंता

औष्णिक विद्युत केंद्रात बॉयलरच्या नळीला वेल्डिंगने जोड दिला, की तो आतून निर्दोष आहे किंवा नाही हे नळी कापून पाहता येत नाही. अशा वेळी भेदक किरणांचा आधार घेतला जातो. नळीच्या एका बाजूने किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवायची आणि तिच्यावर उमटलेल्या छायेवरून आतील पोकळी किंवा तडा ओळखायचा. दीपनगरच्या विद्युत केंद्रात आयुष्य घालवलेल्या तंत्रज्ञांना ही पद्धत नवी नाही. बंद वस्तूच्या आत काय दडले आहे, हे ती न फोडता कसे जाणावे, हा अभियंत्याचा रोजचा प्रश्न आहे. हाच प्रश्न एका ब्रिटिश विद्युत अभियंत्याने वेगळ्या रीतीने मांडला आणि त्याच्या उत्तरातून सीटी स्कॅन जन्माला आला. वैद्यकाचे रीतसर शिक्षण तर सोडाच, विद्यापीठाची पदवीही नसलेल्या या माणसाचे नाव सर गॉडफ्रे न्यूबोल्ड हाउन्सफील्ड.

धुळे, जळगाव, भुसावळ असा येऊन दीपनगरवरून पुढे नागपूरकडे जाणारा महामार्ग खान्देशला चांगलाच परिचित आहे. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. या रस्त्यावर डोक्याला मार लागलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचला, की पहिल्या काही मिनिटांत सीटी स्कॅनचा विषय निघतो. कवटीच्या आत रक्तस्राव झाला आहे का, असल्यास कोठे, मेंदू एका बाजूला ढकलला गेला आहे का, शस्त्रक्रिया तातडीने हवी की थांबता येईल, याची उत्तरे त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांतून मिळतात. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या अध्यक्षालाही ही सोय उपलब्ध नव्हती. हाउन्सफील्ड यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी ती आधीची परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा शरीराच्या आत पाहण्याची वाट मोकळी झाली. मेंदूच्या बाबतीत मात्र ही वाट कवटीपाशीच अडली. क्ष-किरण हाडात मोठ्या प्रमाणात शोषले जातात. मेंदूतील निरनिराळ्या भागांच्या शोषणात फार थोडा फरक असतो. शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे सारे थर एकावर एक पडतात. त्यामुळे कवटीचे हाड स्पष्ट दिसे, पण त्यामागचा मेंदू जवळजवळ अदृश्य राही.

यावर अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये एक उपाय काढला. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरायची आणि मग क्ष-किरण चित्र घ्यायचे. पुढच्याच वर्षी त्यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची रीत मांडली. हवेच्या आकारात बदल दिसला, तर जवळ गाठ असावी असे अनुमान करता येई. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून त्या वाहिन्यांचे चित्र मिळवले. दोन्ही पद्धतींनी असंख्य रुग्णांचा फायदा झाला, हे खरे. पण हवा भरण्याच्या चाचणीनंतर रुग्णाला असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत, आणि दोन्हींत जिवाला धोका असे. एवढे सोसूनही प्रत्यक्ष मेंदू दिसत नसे, त्याच्या सावलीवरून तर्क करावा लागे. अपघाताच्या रुग्णाबाबत तर कित्येकदा कवटीला अंदाजाने छिद्रे पाडून रक्ताची गुठळी शोधावी लागे. छिद्र चुकीच्या जागी पडले, तर गुठळी तशीच राही.

हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील न्यूअर्क या गावी झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडिलांनी पहिल्या महायुद्धानंतर शेती घेतली आणि गॉडफ्रे यांचे बालपण त्या शेतावरच गेले. शेतीची यंत्रे, विजेची साधने उघडून पाहावीत, त्यांचे काम कसे चालते ते समजून घ्यावे, हा त्यांचा छंद. अकराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी ध्वनी नोंदवणारी यंत्रे बनवली, घरी तयार केलेले ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उड्या मारल्या आणि पाणी भरलेल्या डांबराच्या पिंपात ॲसिटिलीन वायू पेटवून ते किती उंच उडते याचा प्रयोग करताना स्वतःचा जीवही धोक्यात घातला. शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. गणित आणि पदार्थविज्ञान एवढ्या दोनच विषयांत त्यांचे मन रमे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते शाही हवाई दलात दाखल झाले. तेथे रेडिओचे आणि पुढे रडारचे तंत्र शिकून ते रडार प्रशिक्षक झाले. प्रशिक्षणार्थींना समजावे म्हणून त्यांनी स्वतः उपकरणे तयार केली. त्यांची हुशारी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे युद्धानंतर हाउन्सफील्ड यांना लंडनच्या फॅरडे हाऊस विद्युत अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकण्यासाठी अनुदान मिळाले. तेथील पदविका हेच त्यांचे उच्च शिक्षण.

१९५१ मध्ये ते ईएमआय या कंपनीत रुजू झाले. ग्रामोफोन तबकड्यांमुळे ही कंपनी आपल्याकडेही घरोघर माहीत होती; परंतु तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसायही मोठा होता. सुरुवातीला रडार आणि दिशानियंत्रित शस्त्रे, नंतर संगणक असा हाउन्सफील्ड यांचा प्रवास झाला. संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ब्रिटनमधील पहिल्या संगणकांपैकी एक, एमिडेक ११००, त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने उभा केला. त्यानंतर संगणकाची प्रचंड क्षमतेची स्मृती तयार करण्याचा प्रकल्प त्यांच्याकडे आला. पण तो व्यापारी दृष्ट्या परवडणारा नाही असे दिसल्याने बंद करावा लागला. आता पुढे काय करायचे, याचा विचार करण्यास कंपनीने त्यांना मुभा दिली. एका अयशस्वी प्रकल्पानंतर मिळालेली ही सवलतच पुढे मानवजातीला उपयोगी पडली.

१९६७ च्या सुमारास त्यांच्या मनात एक कल्पना घोळू लागली. एखाद्या बंद पेटीतून सर्व दिशांनी किरण आरपार सोडले आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती किरण पोहोचले ते मोजले, तर त्या मापांवरून पेटीच्या आतील प्रत्येक बिंदूची घनता काढता येईल का? क्ष-किरणांच्या फिल्मवर यातील बरीचशी माहिती वाया जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. किरण तीच माहिती घेऊन बाहेर पडतात. तिची नीट नोंद आणि मांडणी करणे एवढेच काम उरते, आणि ते संगणक करू शकतो.

यामागील तत्त्व समजायला अवघड नाही. वृत्तपत्रातील सुडोकू सोडवणाऱ्यांना ते चटकन उमगेल. चार घरांचा एक चौकोन घ्या. वरच्या दोन घरांतील आकड्यांची बेरीज ३, खालच्या दोन घरांची ७. डावीकडच्या उभ्या दोन घरांची ४, उजवीकडच्या दोन घरांची ६. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या घरांची बेरीज ५ आहे, एवढेच आपल्याला सांगितले. घरांतील आकडे झाकलेले असले, तरी थोड्या विचाराने ते वर १ आणि २, खाली ३ आणि ४ असेच असले पाहिजेत, हे निघते. आडव्या आणि उभ्या बेरजा पुरेशा नव्हत्या. तिरप्या बेरजेने उत्तर पक्के केले. म्हणूनच अनेक कोनांतून मापे घ्यावी लागतात. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात डोक्याच्या एका आडव्या कापाची ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० घरे पाडलेली होती आणि ती भरण्यासाठी १८० कोनांतून प्रत्येकी १६०, म्हणजे एकूण २८,८०० मापे घेतली जात.

पहिले प्रयोग अगदी साध्या साधनांवर झाले. एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर त्यांनी गॅमा किरणांचा स्रोत आणि मापक बसवला. किरण इतके मंद होते, की एका कापाची मापे घेण्यास नऊ दिवस लागले आणि ती सोडवण्यास संगणकाला अडीच तास. पुढे क्ष-किरण नळी वापरल्यावर नऊ दिवसांचे काम नऊ तासांवर आले. रुग्णालयाच्या संग्रहातील जतन केलेला मानवी मेंदू, कत्तलखान्यातून आणलेले बैलांचे ताजे मेंदू, अशा नमुन्यांवर तपासण्या झाल्या. मेंदूतील करडा भाग आणि पांढरा भाग वेगवेगळे ओळखू येऊ लागले, तेव्हा आपण योग्य मार्गावर आहोत याची त्यांना खात्री पटली.

अभियंत्याची कल्पना रुग्णापर्यंत न्यायची, तर डॉक्टरांची साथ हवी. ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांनी त्यांची गाठ काही क्ष-किरणतज्ज्ञांशी घालून दिली. त्यांत लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयाचे डॉ. जेम्स ॲम्ब्रोज होते. मेंदूविकारांसाठी प्रसिद्ध असलेल्या या रुग्णालयात पहिले यंत्र बसवण्यात आले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी, मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी अशी शंका असलेल्या एका महिलेची तपासणी झाली. मापांची चुंबकीय फीत संगणकाकडे पाठवावी लागली. चित्र हाती आले, तेव्हा त्यात गाठीची काळी वर्तुळाकार जागा स्पष्ट दिसत होती. शस्त्रक्रियेत ती चित्रात होती तेथेच, तशीच आढळली. जिवंत माणसाच्या मेंदूतील विकार कवटीला धक्का न लावता दिसल्याचा तो क्षण वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला. हाउन्सफील्ड तेव्हा ५२ वर्षांचे होते.

एप्रिल १९७२ मध्ये लंडन येथील क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत ही माहिती जाहीर झाली आणि वैद्यकीय जग थक्क झाले. वर्षभरात यंत्रे अमेरिकेत पोहोचली. सुरुवातीचे यंत्र केवळ डोक्यासाठी होते. १९७५ च्या सुमारास संपूर्ण शरीराचे यंत्रही आले. बीटल्स या गायकवृंदाच्या तबकड्यांतून ईएमआयने जो पैसा मिळवला, त्यातून सीटी स्कॅन उभा राहिला, अशी एक गोष्ट आजही सांगितली जाते. ती आकर्षक असली, तरी अपुरी आहे. पुढे झालेल्या अभ्यासात, या विकासाच्या खर्चात ब्रिटिश आरोग्य खात्याचा म्हणजे करदात्यांचा वाटा कंपनीपेक्षाही मोठा होता, असे दिसून आले आहे.

या शोधाच्या श्रेयात आणखी काही नावे आहेत. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये याच प्रश्नाचे गणिती उत्तर प्रसिद्ध केले होते. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हाउन्सफील्ड यांनी आपले काम स्वतंत्रपणे केले. मूळ गणित तर ऑस्ट्रियाचे योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवले होते. भारतीयांना अभिमान वाटावा असे नाव म्हणजे प्रा. जी. एन. रामचंद्रन. कोलॅजेन प्रथिनाच्या रचनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शास्त्रज्ञाने ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये, मापांवरून चित्र तयार करण्याची एक सुटसुटीत आणि जलद रीत प्रसिद्ध केली. हाउन्सफील्ड यांचे पहिले यंत्र वेगळ्या पद्धतीने, एकेक घर सुधारत उत्तराकडे जात असे. नंतरच्या यंत्रांनी मात्र रामचंद्रन यांच्या रीतीच्या जातीचेच गणित स्वीकारले. त्यातील एका महत्त्वाच्या पायरीला या दोघांच्या नावांवरून आजही ‘राम-लॅक’ म्हटले जाते.

१९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना विभागून देण्यात आले. एक अभियंता आणि एक पदार्थवैज्ञानिक. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता आणि दोघांनीही पीएच.डी. केलेली नव्हती. हाउन्सफील्ड १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. १९८१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ईएमआयला मात्र हे यश पचवता आले नाही. मोठ्या अमेरिकी व जर्मन कंपन्या स्पर्धेत उतरल्या, तोटा वाढला आणि नोबेलच्याच वर्षी ईएमआय दुसऱ्या कंपनीने ताब्यात घेतली. सीटी स्कॅनच्या यंत्रांचा तिचा व्यवसाय त्यानंतर थोड्याच काळात संपला.

शोधाची खरी कसोटी त्याच्या परिणामात असते. डोक्याच्या दुखापतीत अंदाजाने छिद्रे पाडण्याची गरज जवळजवळ संपली. हवा भरण्याची वेदनादायक चाचणी काही वर्षांत इतिहासजमा झाली. पक्षाघाताच्या बाबतीत झालेला बदल तर मूलभूत होता. रक्तवाहिनी तुंबून झालेला आणि ती फुटून झालेला पक्षाघात बाहेरून सारखाच दिसू शकतो. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्याला तारते, दुसऱ्याच्या जिवावर उठते. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने या औषधाचा उपयोग सिद्ध केला. पण औषध देण्यापूर्वी रक्तस्राव नाही याची खात्री सीटी स्कॅननेच करावी लागते. हा स्कॅन नसता, तर ते औषध वापरण्याचे धैर्य कोणाला झाले नसते.

मनोविकारांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. इंग्लंडमधील ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दीर्घकाळ छिन्नमनस्कता असलेल्या रुग्णांच्या मेंदूचे सीटी स्कॅन केले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या आढळल्या. या आजाराला केवळ संगोपनातील दोष किंवा कमकुवत मन जबाबदार धरणाऱ्यांना त्या चित्रांनी विचार करायला लावले.

भारताच्या दृष्टीने आणखी एक उदाहरण मोलाचे आहे. आपल्याकडे सीटी स्कॅन सुरू झाल्यावर, फिट येणाऱ्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी कडीसारखी खूण दिसू लागली. ती क्षयाची गाठ समजून कित्येकांना दीर्घकाळ क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी अशा खुणांचा तपशिलात अभ्यास करून १९८९ मध्ये दाखवून दिले, की त्यांतील बहुतेक पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या असतात. यातील पुष्कळशा आपोआप विरून जातात, हेही पुन्हा पुन्हा केलेल्या स्कॅनमधून स्पष्ट झाले. त्यामुळे अनावश्यक औषधे आणि शस्त्रक्रिया टळल्या. विलायतेतील प्रयोगशाळेत तयार झालेल्या साधनाने भारतीय डॉक्टरांनी भारतीय रोगाचे कोडे सोडवले, असे हे काम आहे.

सीटी स्कॅनने दाखवलेल्या वाटेवरून पुढची साधनेही आली. चुंबकीय अनुनादावर आधारित एमआरआयचे पहिले चित्र पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. तेही वेगवेगळ्या दिशांच्या मापांवरूनच जुळवलेले होते. ईएमआयमध्ये हाउन्सफील्ड यांनी स्वतःही या तंत्रावर काम केले. आज मेंदूच्या मऊ भागांचे बारकावे एमआरआय अधिक चांगले दाखवतो. तातडीच्या प्रसंगी मात्र काही मिनिटांत उत्तर देणारा सीटी स्कॅनच प्रथम आठवतो.

या सुलभतेची दुसरी बाजूही आहे. स्कॅनसाठी शरीरातून क्ष-किरण जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात, बालपणी सीटी स्कॅन झालेल्यांना पुढे रक्ताचा किंवा मेंदूचा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढल्याचे आढळले. गरज असताना स्कॅन टाळणे घातक आणि गरज नसताना करणेही अयोग्य. साध्या डोकेदुखीसाठी स्कॅनचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी आणि तो मान्य करणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

कीर्ती मिळूनही हाउन्सफील्ड यांची राहणी बदलली नाही. ते अविवाहित राहिले. डोंगरवाटांवरून दूरवर पायी भटकणे आणि पियानो वाजवणे हे त्यांचे विरंगुळे. १९८६ मध्ये ते निवृत्त झाले, पण सल्लागार म्हणून काम करत राहिले. १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षात पदार्पण करून त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव मात्र रोज जगभरातील रुग्णालयांत लिहिले जाते. सीटी स्कॅनमधील घनता ज्या एककात मोजतात, त्याला हाउन्सफील्ड एकक म्हणतात. पाण्याचे मूल्य शून्य, हवेचे उणे १०००. मेंदूच्या करड्या भागाचे साधारण ३५ ते ४०, ताज्या गोठलेल्या रक्ताचे त्याहून अधिक, म्हणून ते चित्रात पांढरे दिसते. त्या पांढऱ्या डागावरून रात्री-अपरात्री शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांतील अहवालांवरही याच एककाची मापे असतात. ज्याच्या नावाचे हे एकक, तो अभियंता शेतावरची यंत्रे खोलून शिकलेला होता. दीपनगर, वरणगाव, भुसावळ येथील कारखान्यांच्या सावलीत वाढणाऱ्या आणि गुणपत्रिकेत फारसे न चमकणाऱ्या एखाद्या जिज्ञासू मुलाला ही हकीकत अवश्य सांगावी.